चूक झाली की मूल कुणाकडे बघतं? लहान मुलांच्या नव्या फुटबॉल कोचसाठी

दहा वर्षांची मुलगी उजव्या कडेने चेंडू घेऊन निघते. समोरच्या बचावपटूला चकवायला जाते, चेंडू पायातून निसटतो आणि प्रतिस्पर्ध्याला मिळतो. आता पुढचा एक सेकंद नीट बघा. ती चेंडूमागे वळते, की मान वळवून टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, जिथे तुम्ही उभे असता, बघते? टचलाइनकडे बघत असेल, तर ती तुमचा चेहरा वाचते आहे. तेवढ्यात प्रतिस्पर्धी चार-पाच मीटर पुढे गेलेला असतो, ते नुकसान भरून निघेल. पण पुढच्या वेळी चकवायला जायचं की चेंडू गपचूप मागे देऊन टाकायचा, हेही तिने त्याच सेकंदात ठरवून टाकलेलं असतं.

कोचच्या स्वभावाचा मुलांच्या वाढीवर परिणाम होतो, हे सगळेच मान्य करतात. अडचण अशी की मुलांना स्वभाव दिसतच नाही. त्यांना दिसतात तुमचे हात आणि भुवया, ऐकू येतो आवाज. नाव कुणाचं घेतलं जातं आणि मैदानाबाहेर आधी कुणाला काढलं जातं, हे त्यांना बरोबर कळतं. तापट माणसाला सोमवारपासून शांत हो म्हटलं म्हणून तो शांत होत नाही. पण स्वभाव ज्या दारांनी बाहेर पडतो ती दारं मोजकी आहेत, आणि त्यांना कडी घालता येते. नव्या कोचने पहिल्या हंगामात चेंडूच्या कौशल्यांइतकीच मेहनत या दारांवर घ्यावी.

पहिली पायरी: आधी स्वतःला मोजा

१९७० च्या दशकात अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल कोचचं वागणं प्रत्यक्ष सामन्यांत बसून प्रसंगागणिक नोंदवलं. मग कोचना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं, की कोच कसे वागतात? प्रत्यक्ष नोंदींशी मुलांची उत्तरं जास्त जुळली. कोचना स्वतःच्या वागण्याची फारशी कल्पनाच नव्हती. पुढे याच अभ्यासकांनी काही कोचना हंगामाआधी दोन-अडीच तासांचं प्रशिक्षण दिलं. १९९२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, प्रशिक्षण न मिळालेल्या कोचकडची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामाला परत आली नाहीत. प्रशिक्षित कोचकडे हे प्रमाण ५ टक्के होतं. जिंकण्या-हरण्यात मात्र दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. आत्मविश्वास मुळातच कमी असलेल्या मुलांवर कोचच्या वागण्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो, हेही याच कामातून पुढे आलं. खेळ बेसबॉलचा असला तरी फुटबॉलच्या कोचने यातून एक गोष्ट उचलावीच: स्वतःबद्दलच्या अंदाजावर विसंबू नका, मोजा.

मोजायचं असं. सरावातल्या वीस मिनिटांच्या सामन्यात फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो वरच्या खिशात ठेवा. घरी ऐकताना वहीच्या पानावर पाच रकाने आखा आणि प्रत्येक वाक्यासाठी एक उभी रेघ मारा:

- चेंडू खेळात असताना दिलेले हुकूम ("पास दे", "मार", "मागे ये")
- चुकीवरची नाराजी, त्यात "अरे काय हे!" आणि मोठा उसासाही धरा
- नुसती शाबासकी ("छान", "मस्त")
- नेमकी शाबासकी (काय छान केलं ते सांगणारी)
- प्रश्न

दुसऱ्या पानावर संघातल्या सगळ्या मुलांची नावं लिहा आणि ज्याचं नाव तोंडून निघालं त्याच्यापुढे रेघ मारा. हे दुसरं पान बहुतेकांना जास्त टोचतं. सर्वांत चांगला खेळाडू आणि सर्वांत दंगेखोर मूल यांच्यापुढे रेघांची झुंबड असते. मधली तीन-चार मुलं, जी वेळेवर येतात, सांगितलेलं ऐकतात आणि ठीकठाक खेळतात, त्यांच्यापुढे एकही रेघ नसते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिल्या मुद्रणात माणूस जाणीवपूर्वक चांगला वागतो, म्हणून तीन सामने मुद्रित करा आणि पहिलं सोडून द्या. दुसरी चूक म्हणजे नुसत्या आवाजावर भागवणं. हवेत उडवलेले हात, फिरवलेली पाठ, डोक्याला लावलेला हात हे आवाजात येत नाही. सहकाऱ्याला दहा मिनिटं तुमचं चित्रीकरण करायला सांगा, कॅमेरा फक्त तुमच्यावर ठेवून. मग ते आवाज बंद करून बघा. बाळगोपाळांना दुरून तुम्ही असेच दिसता.

वीस मिनिटांत चाळीस हुकूम निघाले, तर दर अर्ध्या मिनिटाला एक झाला. पहिल्यांदा मोजणाऱ्याला हा आकडा खरा वाटत नाही, म्हणून पुन्हा मोजावंसं वाटतं. जरूर मोजा.

दुसरी पायरी: दबावाखाली तुमचा कोणता स्वभाव वर येतो?

निवांत सरावात सगळेच कोच समजूतदार असतात. दोन गोल खाल्ल्यावर जो माणूस उरतो, तोच मुलांच्या लक्षात राहतो.

तापट कोचच्या संघात आडवे आणि मागचे पास वाढतात, चकवण्याचे प्रयत्न कमी होतात. आणखी एक खूण फार बोलकी असते: मुलं चेंडूपासून लपतात. चेंडू सहकाऱ्याकडे असताना मूल नेमकं प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे, पास पोहोचूच शकणार नाही अशा जागी उभं राहतं. धावताना दिसतं, हातही वर करतं, पण तिथे पास येणार नाही हे त्याला माहीत असतं. कोच याला आळस समजतो आणि अजून ओरडतो. यावर "मी चिडणार नाही" असा निश्चय पुरत नाही, शरीराला काम द्यावं लागतं. एका जागी बसा, हातात वही-पेन ठेवा. गोल झाल्यावर पुढची दोन मिनिटं टचलाइनवरचं बोलणं सहकाऱ्याकडे सोपवा आणि तेवढा वेळ फक्त लिहा. आपल्याला कशाने पेटायला होतं, ती तीन कारणं आधीच कागदावर उतरवा: तीच चूक तिसऱ्यांदा होणं, रेफ्रीचा निर्णय, समोरच्या कोचचं बोलणं. कारण आधी ओळखलेलं असलं की पाच-दहा सेकंदांची उसंत मिळते.

बोलक्या कोचचा धोका सर्वांत फसवा, कारण त्याने तात्पुरते गोल होतात. "डावीकडे! पास! मार!" मूल ऐकतं, करतं, गोल होतो, टाळ्या पडतात. पण पास कुणाला द्यायचा हे मुलाने बघितलेलं नसतं, तुम्ही बघितलेलं असतं. नॉर्वेचे अभ्यासक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीग या अव्वल फुटबॉल स्पर्धेतल्या खेळाडूंची चित्रणं तपासली. चेंडू मिळण्याआधी मान वळवून आजूबाजूला जास्त वेळा बघणारे खेळाडू पुढचे पास जास्त अचूक देतात, असं त्यांना आढळलं. ही मान वळवायची सवय लहानपणी लागते. टचलाइनवरून अखंड सूचना येत असतील, तर मुलाची मान मैदानाकडे न वळता तुमच्याकडे वळते. बोलक्यांसाठी एकच नियम पुरे: ज्याच्या पायात चेंडू आहे, त्याच्याशी बोलायचं नाही. चेंडूपासून लांब असलेल्या मुलाशी बोला किंवा चेंडू बाहेर गेल्यावर बोला. पहिले दोन आठवडे जीभ अक्षरशः चावावी लागते, आणि संघ दोन सामने वाईट खेळतो. हुकमांची सवय असलेली मुलं अचानक मोकळी सोडली की गोंधळतात. तिथे घाबरून पुन्हा हुकूम सुरू केले, तर सगळी मेहनत पाण्यात.

मवाळ कोचबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, कारण त्याची तक्रार येत नाही. मुलांना तो आवडतो, पालकांना तो आवडतो. पण मोठ्या माणसाने मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही, संघातली दांडगी पोरं ती घेतात. प्रत्येक फ्री किक तेच दोघे मारतात. गोलकीपर व्हायला नकोसं असलं की सगळे मिळून एकालाच गोलमध्ये ढकलतात. चुकणाऱ्याला चिडवतात, आणि कोच "मुलंच आहेत" म्हणून हसून सोडून देतो. या मोकळिकीची किंमत लाजरं मूल मोजतं. उपाय सोपा आहे, पाळणं कठीण. तीनच नियम ठेवा, उदाहरणार्थ: कुणी बोलत असताना चेंडूवर पाय ठेवून थांबायचं, सहकाऱ्याच्या चुकीवर हसायचं नाही, साहित्य सगळ्यांनी मिळून आवरायचं. नियम मोडला की दोन मिनिटं बाहेर बसायचं आणि मग परत यायचं. भाषण नाही, माफी मागायला लावणं नाही. पहिल्यांदा नियम मोडणारा संघातला सर्वांत चांगला खेळाडू असेल, तर तुमचं नशीब चांगलं. त्याला दोन मिनिटं बसवलंत की उरलेल्या हंगामाचं निम्मं काम झालं.

अबोल कोच कुणाला दुखवत नाही असं त्याला वाटतं. लहान मूल मात्र मोठ्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ स्वतःच्या विरोधात लावतं: "मी त्यांना आवडत नाही." आल्या आल्या प्रत्येकाला नावाने हाक मारा आणि सराव संपेपर्यंत प्रत्येकाशी निदान एक वाक्य बोला. खिशात नावांची चिठ्ठी ठेवून खुणा करा. कृत्रिम वाटेल, पण मुलांना ती चिठ्ठी दिसत नाही.

राहिला जिंकण्याचा ध्यास. तो वाईट नाही, मुलांनाही जिंकायचंच असतं. तो नऊ वर्षांच्या मुलाला कायमचा गोलकीपर करून टाकतो आणि संघातल्या सर्वांत थोराड पोराच्या दिशेने लांब चेंडू मारत राहतो, तेव्हा त्याला आवरा. त्याबद्दल पुढे.

तिसरी पायरी: चुकीनंतरचे तीन सेकंद

लेखातली एकच गोष्ट अमलात आणायची असेल तर ही आणा. मुलाने चूक केली की मनात तीन अंक मोजा. तोवर हात कमरेच्या खाली, तोंड बंद, चेहरा आधी होता तसाच. मूल तुमच्याकडे बघत असेल, तर बोटाने फक्त चेंडूची दिशा दाखवा. "पुढे खेळ" एवढाच त्याचा अर्थ, आणि तो अर्थ आधी सरावात मुलांना सांगून ठेवा.

त्या तीन सेकंदांत चूक कोणत्या जातीची आहे ते ठरवा. सगळ्या चुकांवर एकच औषध चालत नाही.

पायाची चूक: पास योग्य दिशेने होता, पण लागला चुकीचा. सामन्यात काहीही बोलू नका. नोंद करा, पुढच्या सरावात त्यावर दहा मिनिटं घ्या. चेंडू योग्य मापाचा आहे का तेही बघा. साधारण आठ वर्षांपर्यंत ३ नंबरचा आणि त्यानंतर बारा-तेरापर्यंत ४ नंबरचा चेंडू वापरतात. सात वर्षांच्या मुलाला ५ नंबरचा चेंडू देऊन "पासमध्ये जोर नाही" म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

निर्णयाची चूक: समजा मधल्या फळीतल्या मुलाने पाठ वळलेली असताना पास घेतला, तसाच वळला आणि मागून आलेल्या प्रतिस्पर्ध्यावर आदळला. "वळू नकोस!" असं ओरडलात तर तो पुढे कधीच वळणार नाही, आणि मधल्या फळीत न वळणारा खेळाडू काही कामाचा नाही. चेंडू बाहेर गेल्यावर त्याला जवळ बोलावून विचारा: "पास यायच्या आधी तुझ्या मागे कोण होतं?" उत्तर "माहीत नाही" असं आलं, तर चूक वळण्याची नव्हती, न बघण्याची होती. मग सांगा, "चेंडू वाटेत असताना एकदा मागे बघ. कोणी नसेल तर वळ. असेल तर ज्याने दिला त्यालाच परत दे." वाक्य संपलं की त्याला परत पाठवा. प्रश्न विचारायचा म्हणजे उत्तराची वाटही बघायची. विचारून लगेच स्वतःच उत्तर देणारे कोच फार आहेत, आणि मुलं दोनच आठवड्यांत ओळखतात की थोडं थांबलं की उत्तर आपोआप येतं.

मेहनतीची चूक: चेंडू गेला आणि मूल उभं राहिलं. इथे थेट बोलायला हरकत नाही, फक्त कृतीबद्दल बोला: "चेंडू गेला की पहिली पाच पावलं मागे." "तू आळशी आहेस" हे मुलाला चिकटतं आणि निघत नाही. पण आधी खात्री करा, की मूल आळसाने थांबलं की नाराजीच्या भीतीने गोठलं. नुकतंच कुणी ओरडलं असेल, तर बहुधा दुसरं.

चूक केल्यावर लगेच मुलाला बाहेर काढणं ही शिक्षाच असते, तुम्ही काहीही म्हणा. बदल करायचाच असेल तर निदान तीन-चार मिनिटं थांबा आणि तो काहीतरी बरं करेल त्यानंतर काढा.

चौथी पायरी: शाबासकी

१९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली, आणि अवघड कोड्यात अडखळल्यानंतर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. मैदानावर "काय पाय आहे याचा!" हे हुशारीचं कौतुक. ते ऐकलेलं मूल डाव्या पायाने मारायला धजत नाही, कारण डाव्याने चुकलं तर तो "पाय" खोटा ठरेल.

नेमक्या शाबासकीत तीन गोष्टी असतात: नाव, काय केलं, त्याने काय झालं. "सानिया, तू चेंडू यायच्या आधी मागे बघितलंस, म्हणून वळायला जागा मिळाली." एवढं पाच-सहा सेकंदांत म्हणता येतं. चेंडू हातचा गेला तरी प्रयत्न योग्य असेल तर शाबासकी द्या, उलट चुकीच्या निर्णयातून नशिबाने गोल झाला तर नुसतं हसा. सतत "मस्त, मस्त" म्हणणाऱ्या कोचचं कौतुक मुलं ऐकेनाशी होतात. एका सरावात प्रत्येक मुलाला एक नेमकी शाबासकी भरपूर झाली.

पाचवी पायरी: सराव असा मांडा की स्वभावाला निमित्त मिळणार नाही

कोचचा पारा बहुतेक वेळा रांगेमुळे चढतो. बारा मुलं, एक गोल, एक चेंडू, आणि अकरा जण उभे. उभी मुलं दंगा करणारच, मग ओरडा सुरू. दोष मुलांचा नाही, आखणीचा आहे. आठ ते दहा वर्षांच्या बारा मुलांसाठी साठ मिनिटं अशी वाटता येतात.

पहिली दहा मिनिटं: येईल त्याने चेंडू घ्यायचा आणि दोघादोघांत लगेच खेळायला लागायचं, सगळे जमायची वाट बघायची नाही. पुढची पंधरा: प्रत्येकाच्या पायात चेंडू, साधारण २० बाय २० मीटरच्या चौकोनात ड्रिबलिंगचे, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पळवण्याचे, खेळ. त्यानंतर पंधरा: तीनास तीन, साधारण २० बाय १५ मीटरची दोन मैदानं शेजारी शेजारी, प्लास्टिकचे कोन (शंकू) ठेवून केलेले छोटे गोल. शेवटची वीस: सहास सहा सामना. त्यात खेळ जास्तीत जास्त दोनदा थांबवायचा, आणि प्रत्येक वेळी तीस सेकंदांच्या आत तो पुन्हा सुरू. पाणी मधेमधे, घोटभर.

तीनास तीनमध्ये प्रत्येकाला चेंडू सतत मिळतो, त्यामुळे एका चुकीचं वजन कमी होतं. पुढच्या दहा सेकंदांत दुसरी संधी येणार असते. तापट कोचलाही मग प्रत्येक चुकीवर काही वाटत नाही, इतक्या त्या होतात. दोन मैदानं असल्याने तुम्ही एकाच वेळी दोन्हीकडे ओरडूही शकत नाही. बोलक्या कोचसाठी ही मांडणी म्हणजे वरदान.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. धावणं हा या खेळाचा प्राण आहे, त्याची शिक्षा केलीत की मुलं धावण्याचाच राग करतात.

सहावी पायरी: सामन्याचा दिवस

कोण किती वेळ खेळणार, याचा तक्ता घरून लिहून न्या. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मैदानात सात आणि संघात दहा मुलं असतील, तर एकूण २८० खेळ-मिनिटं होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २८. तक्ता खिशात नसेल तर ०-१ मागे पडल्यावर तुमचा स्वभाव तक्ता बनवतो, आणि त्यात लाजऱ्या मुलाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात.

सामन्याआधी तीनच वाक्यं, त्यात निकालाचा उल्लेख नको. मध्यंतरात पहिली दोन मिनिटं गप्प बसा. मुलांना पाणी पिऊ द्या, आपसात बोलू द्या, ती काय बोलतात ते ऐका. मग एकच मुद्दा. दोन सांगितलेत तर पहिला विसरतात. सामन्यानंतर चुकांची चिरफाड नको, ती पुढच्या सरावात. दमलेल्या, हरलेल्या मुलाला त्या क्षणी काहीही शिकता येत नाही, फक्त आवाजाचा सूर लक्षात राहतो.

पालकांशी हंगामाच्या सुरुवातीलाच दहा मिनिटं बोला: टाळ्या वाजवा, सूचना देऊ नका, आणि घरी जाताना निकालावर बोलणं मुलाने काढलं तरच काढा. एकीकडून कोच आणि दुसरीकडून बाबा असे दोन हुकूम एकाच वेळी आले, तर मूल मध्ये गोठतं. तुम्ही स्वतः रेफ्रीशी वाद घालत असाल, तर पालकांना गप्प बसवण्याचा अधिकार राहत नाही.

सातवी पायरी: वाढीच्या वयात घाईने शिक्का मारू नका

उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्या. त्या काळात हातपाय एकदम लांब होतात आणि काही मुलांचा ताल काही महिने बिघडतो. कालपर्यंत सहज चेंडू थांबवणारा मुलगा अडखळायला लागतो. फटकळ कोच म्हणतो, "लक्ष नाही याचं." गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखणं किंवा टाच दुखणं हेही याच वयात सुरू होतं. त्याला बहाणा समजू नका. सराव कमी करा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

जिंकण्याचा ध्यास सर्वांत जास्त फसतो तोही इथेच. एकाच वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं मूल शेवटी जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठं असतं, आणि मोठ्या अकादम्यांच्या निवडीत पहिल्या महिन्यांतल्या मुलांचा भरणा असतो, हे अनेक देशांत दिसून आलेलं आहे. कोच थोराड मुलाला गुणी समजतो, त्याला जास्त खेळवतो, जास्त शिकवतो, आणि वर्षभरात तो खरोखरच पुढे जातो. मग निवड बरोबर होती असं वाटतं. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या हॅरी केनला आर्सेनल या क्लबने आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिलं होतं. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे या क्लबने सोळाव्या वर्षी, अंगाने लहान म्हणून. फ्रान्सच्या अँटोइन ग्रिझमनला कमी उंचीमुळे फ्रान्समधल्या अकादम्यांनी घेतलं नाही, म्हणून तो स्पेनमध्ये गेला. २०१८ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल केनचे होते आणि विश्वविजेत्या संघात ग्रिझमन होता. बारा वर्षांच्या मुलाबद्दल "याचं काही होणार नाही" असं म्हणण्याइतकं ज्ञान कुणाकडेच नसतं.

म्हणून वहीत प्रत्येक मुलाची जन्मतारीख नावापुढे लिहा. संघ निवडण्याआधी ती बघा. बारा वर्षांपर्यंत प्रत्येकाला हंगामात निदान तीन जागांवर खेळवा, गोलकीपरही पाळीपाळीने.

कडक आणि घातक यांतली हद्द

कडक कोच चालतो. वेळेवर या, पूर्ण जोर लावा, नियम पाळा, याला मुलं सरावतात आणि बऱ्याचदा त्यांना ते आवडतंही, फक्त सगळ्यांना सारखं असलं पाहिजे. पण शरीरावरून टोमणे, अपमानाची टोपणनावं, सगळ्यांसमोर एकाचं हसं करणं, हात उगारणं, दुखत असताना खेळायला लावणं हे कडकपणात बसत नाही. मुलाशी एकट्याने खाजगी संदेशांवर बोलू नका, पालकांचा समावेश असलेला गट वापरा. सरावाला आणि प्रवासात निदान दोन मोठी माणसं असू द्या. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी हा नियम मुलांसाठी आहे, आणि तो पाळायचाच.

भीती वाढते आहे हे काही खुणांवरून कळतं: सरावाच्या दिवशीच पोट दुखणं, आधी बडबड करणारं मूल गप्प होणं, पेनल्टी मारायला कुणीच पुढे न येणं, दुखापत लपवणं. एक खूण दिसली तर मुलाशी बोला, दोन-तीन दिसल्या तर स्वतःचं मुद्रण पुन्हा ऐका.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा

पुन्हा वीस मिनिटांचा सामना, पुन्हा खिशात फोन. या वेळी सहकाऱ्याला आणखी एक काम द्या: चूक झाल्यावर किती वेळा मूल टचलाइनकडे बघतं आणि किती वेळा थेट चेंडूमागे जातं, हे मोजायचं. सुरुवातीला दहापैकी सहा-सात नजरा तुमच्याकडे असतील आणि आता तीनवर आल्या असतील, तर काम होतंय. आकडा हलला नसेल तर हुकमांचा रकाना बघा. बहुधा ते कमी झालेले नसतात, फक्त हळू आवाजात दिलेले असतात. हुकूम खरोखर कमी झाले असूनही नजरा येत असतील, तर त्या पालकांकडे जात नाहीत ना ते तपासा.

मग नावांचं पान काढा. ज्याच्यापुढे अजूनही एकही रेघ नाही, पुढच्या सरावाला तो गेटमधून आत येईल तेव्हा पहिली हाक त्याला मारा.